पाठमोरी बसलेली आई

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दोन-चार दिवसांत आमच्या झरीच्या रस्त्यावर ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर सुरू होतात. यंदाही झालेत. सकाळी दूध तापायला ठेवून मी फाटकाशी उभी राहते, तेवढ्यात दोन तरी जातात. ट्रॉलीत काय काय भरलेलं असतं म्हणून सांगू! कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे बांबू, ताडपत्री, हंडे, पिठाचे डबे, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, दोरीनं बांधलेली एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या वर गोधड्यांवर बसलेली माणसं. पोरं हात हलवतात. मी पण हलवते. ओळखीची नसतात, पण हात हलवायला ओळख कशाला लागते? दूध उतू जातं ते वेगळंच.

या ट्रॉल्यांमध्ये बायका बहुतेक वेळा वाऱ्याला पाठ देऊन बसतात, त्यामुळं मला नुसत्या पाठी दिसतात. डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, त्याखाली अंबाड्याचा उंचवटा, कडेला लेकराचं डोकं. एखादी पाठ अशी दिसते की मी फाटकाबाहेर दोन पावलं जाते. मी स्वतःला सांगते, अगं बाई, ती नाहीये ती. इतक्या वर्षांनी ती कशी असेल? पण दसऱ्यानंतरचे हे पंधरा-वीस दिवस माझे असेच जातात. आमच्या घरात याला ‘मॅडमचा हंगाम’ म्हणतात. म्हणू द्या.

तेव्हा मी झरीच्या पुढच्या एका गावात शाळेवर होते. नोकरीतली माझी पहिलीच वर्षं. फाट्यावर जीपमधून उतरायचं आणि मग पाऊण तास चालायचं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तुरीला पिवळी फुलं, आणि सकाळच्या उन्हात मातीला एक गार वास. वेचणीच्या दिवसांत निम्मी पोरं शाळेत नसायची. जी यायची त्यांच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे, आणि ते काढून टाकण्यात माझा पहिला तास जायचा. पहिलीतली पोरं मला सरळ ‘तू’ म्हणायची. “मॅडम, तू जेवलीस का?” मला आधी राग यायचा. मग कळलं की ही पोरं आईला तू म्हणतात, देवालाही तू म्हणतात, आणि गावात कुणी साहेब आला की त्याला मात्र तुम्ही. म्हणजे मी कुठल्या रांगेत होते ते बघा!

पण हे आमच्या मोठ्या सरांना चालायचं नाही. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. अदबीचे लय कडक. सर वर्गात आले की सगळ्यांनी उभं राहायचं, बाकाचा आवाज न करता. ऑफिसात शिरताना दारात थांबायचं. बोलताना समोर बघायचं, मान वर, हात सरळ. एकदा मी त्यांच्याआधी चहाचा कप उचलला तर त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त माझ्याकडं बघितलं, आणि मी कप परत खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता, हं. सगळ्यांच्या आधी शाळेत यायचे, स्वतः झाडूही हातात घ्यायचे. शाळेसमोरची लिंबाची झाडं त्यांनी घागरीनं पाणी घालून जगवली होती. पण मान राखणं म्हणजे काय, याची त्यांच्या डोक्यात एक पक्की यादी होती, आणि त्या यादीत नसलेलं सगळं उद्धटपणात मोडायचं.

खरं सांगायचं तर यादी माझ्याही डोक्यात होती. ती मी सेलूहून आणली होती. माझे वडील तिथं एका जिनिंगवर दिवाणजी. हंगामात घरी यायचे ते भुवया आणि कानावरचे केस कापसानं पांढरे होऊन, सरकीच्या वासासकट. मी लहानपणी डबा द्यायला जायची. मालक गादीवर लोडाला टेकलेले, आणि बाबा चप्पल बाहेर काढून, अनवाणी, वही छातीशी धरून उभे. एकदा मी म्हटलं, “बाबा, बसा ना, किती वेळ उभे राहता?” मालक हसले. बाबांनी मात्र माझा दंड असा दाबला की चार दिवस वळ होता. घरी येताना म्हणाले, “चार माणसांत लाज काढलीस.” मी काय चुकले ते मला तेव्हा कळलं नाही, पण एक पक्कं ठरवलं. आपण मोठं होऊन नोकरी करायची, खुर्चीवर बसायचं, आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, ताठ उभे राहा, माझ्या डोळ्यांत बघून बोला. मला वाटायचं यालाच मान देणं म्हणतात.

गोदा पाचवीत होती. बारीक अंगाची, मोठ्या डोळ्यांची, आणि वाचायला उभी राहिली की वर्ग गप्प. शब्द असे उच्चारायची जणू प्रत्येकाची तिची जुनी ओळख आहे. पुडीला गुंडाळलेल्या कागदावरची अर्धी बातमी वाचून उरलेली अर्धी मनानं रचून मला सांगायची. तिचे आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे. आधीच्या वर्षीपर्यंत ती आजीजवळ राहायची, पण पावसाळ्यात आजी गेली. मागं राहिला आजोबा. त्याला धड दिसत नव्हतं, तो भाकरी कुठून थापणार? म्हणजे आता गोदा उसाच्या फडावर जाणार, कोपीत धाकटा भाऊ सांभाळणार, आणि गावी परत येईल तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असणार. अशा गेलेल्या पोरी मी बघितल्या होत्या. एक वर्ष जातात, दुसऱ्या वर्षी मागच्या बाकावर बसतात, आणि तिसऱ्या वर्षी लग्नाचं बोलणं सुरू होतं.

यावर एकच इलाज होता, हंगामी वसतिगृह. नावच मोठं. पोरं झोपायला आपापल्या घरीच जायची, दोन वेळचं जेवण तेवढं शाळेत मिळायचं. पण गोदासाठी तेवढंच पुरे होतं. जेवण शाळेत, झोप आजोबाजवळ. त्यासाठी मोठ्या सरांनी यादीत नाव घालायला हवं, आणि आई किंवा वडिलांनी येऊन त्यांच्यासमोर तसं सांगून सही करायला हवी. बाप टोळीच्या मुकादमाकडं अडकलेला. मी गोदाला म्हटलं, “उद्या आईला घेऊन ये. तीन दिवसांनी यादी तालुक्याला जायची आहे.”

आई आली. मुक्ता तिचं नाव. कडेवर लेकरू, मागं गोदा. दारात चप्पल काढली, आत आली, आणि काय करावं तिनं! मोठ्या सरांच्या टेबलासमोरून कडेकडेनं गेली, कपाटाजवळ जमिनीवर उकिडवी बसली, सरांकडं सरळ पाठ करून. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. तोंड भिंतीकडं. आणि गोदाच्या कानात काहीतरी कुजबुजली.

“आई म्हणती, मला शाळंत ठिवून घ्या,” गोदा म्हणाली.

सर म्हणाले, “बाई, इकडं तोंड करून बोला.”

पाठ हलली नाही. पुन्हा कुजबुज. “आई म्हणती, तिला तसं न्हाई बोलता येत.”

“का नाही बोलता येत? मी काय वाघ आहे?”

मुक्तानं पदर आणखी पुढं ओढला. सरांचा चेहरा लाल व्हायला लागला होता. “हे बघा, मला रोज पन्नास पालक भेटतात. असं पाठ करून माझ्यासमोर आजवर कुणी बसलं नाही. माझं तोंड बघायचं नसेल तर माझ्या दारात यायचंच कशाला?”

सर एकदा चिडले की नाव गेलंच. मी गोदाकडं बघितलं. ती आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती, आपलं काय चुकतंय हे न कळल्यासारखी. तिनं तेव्हाच का सांगितलं नाही, असं मी पुढं तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, “मला वाटलं तुमाला माईत असंल की. समद्यांला माईत असतंय.”

मग मी जे केलं ते केलं. चांगलं करायला गेले, अगदी मनापासून. पुढं झाले, “अहो बाई, असं काय करता, सरांकडं बघा की,” असं म्हणत मुक्ताचे दोन्ही खांदे धरले आणि तिला फिरवलं. ती बसल्या जागी कलली. सावरायला तिनं जमिनीवर हात टेकला, आणि पदर डोक्यावरून सरकून खांद्यावर आला. क्षणभर तिचं तोंड सरांसमोर उघडं पडलं. मग ती उठली. पदर घेतला, लेकरू उचललं आणि निघून गेली. चप्पल दारातच राहिली. थोड्या वेळानं गोदा येऊन ती घेऊन गेली, माझ्याकडं न बघता.

सरांनी यादीतल्या गोदाच्या नावावर रेघ मारली. म्हणाले, “ज्यांना बसायची रीत नाही, त्यांची पोरगी मी सांभाळायची?” आणि मी काय केलं? मी डबा उघडला आणि जेवले. मला वाटत होतं, मी माझ्याकडून होईल तेवढं केलं. बाईच अडाणी, हटवादी. मनातल्या मनात मी तिच्यावर चिडलेही होते, की पोरीच्या भल्यासाठी हिला घटकाभर समोर बघता येऊ नये? हे लिहिताना आजही हात थांबतो, पण तसंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी गोदा शाळेत आली नाही. आला तो तिचा आजोबा. सगळे त्याला आबा म्हणायचे. काठी टेकत, एका पोराच्या खांद्यावर हात ठेवून आला आणि सरांच्या टेबलापलीकडं न थांबता थेट त्यांच्या खुर्चीजवळ येऊन जमिनीवर बसला. सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी म्हटलं, झालं! आता सर भडकणार.

“बापू,” आबा सरांना म्हणाला, “सूनबाई कालपास्नं जेवली न्हाई.”

सरांनी विचारलं, “मी काय केलं?”

“तुमी न्हाई काई केलं. तिचं त्वांड उघडं पडलं म्हणती चुलतसासऱ्याम्होरं. रडून रडून डोळे सुजलेत. म्या म्हणलो, बापू घरचाच हाय, त्यो काय मनात धरील? पर तिचा जीव मानंना.”

“चुलत सासरा? कोण चुलत सासरा?”

आता आबा चकित झाला. अधू डोळ्यांनी त्यानं सरांच्या तोंडाचा अंदाज घेतला. “तुमीच की हो! तीन वरसं झाली. पोळ्याच्या दिशी आमच्या घरी जेवलात. म्या टोपी-टावेल दिला अन् म्हणलो, मला पाठचा भाऊ न्हाई, आजपास्नं तुमी माझे धाकले भाऊ. तुमी म्हणलात, बरं आबा. त्याच दिवसापास्नं सूनबाई तुमच्याम्होरून गेली का कदी? रस्त्यानं तुमी आलात की वळणाला थांबती, माईत न्हाई व्हय तुमाला? आता पोरीपायी तिला यावं लागलं. तरी पाठ करून बसली. सासऱ्याम्होरं कसं बसावं मग?”

सर उठले, कपाट उघडलं. गावोगावी सत्कारात मिळालेले टोपी-टॉवेल त्यात खालच्या कप्प्यात रचून ठेवलेले होते, प्लॅस्टिकसकट. त्यांनी ते एकेक करून बाहेर काढले, टेबलावर मांडले. दहा-बारा असतील. ते बघत उभे राहिले. त्यातला आबाचा कोणता, हे त्यांना काही सांगता येईना. मला वाटतं, त्यांच्याकडं बघून मला पहिल्यांदाच त्यांची दया आली. ज्या माणसानं आयुष्यभर मान मोजला, त्याला गावातल्या एका घरानं सगळ्यात मोठा मान देऊन ठेवला होता, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

खालमानेनं त्यांनी यादी पुन्हा पहिल्यापासून लिहिली. रेघ मारलेल्या कागदावर नाही, नव्या कागदावर. गोदाचं नाव पहिलं.

“आबा, सही तेवढी हवी,” सर म्हणाले.

आबा म्हणाला, “आता कशाची सही? सूनबाई म्हणती, जितं माझी आब्रू गेली तितं माझी लेक न्हाई ठिवायची. उद्या सकाळी ट्रॅक्टर निगायलाय.”

इथं मला एक सांगायलाच हवं. मला ही रीत आवडत नाही. तेव्हाही आवडली नव्हती, आजही नाही. बाईनं आपलं तोंड कुणापासून कशाला लपवायचं? ज्या हातांनी ती बाप्याच्या बरोबरीनं कोयता चालवते, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते, त्याच हातांनी पदर ओढून भिंतीशी बोलायचं? या विचारानं माझं डोकं तापतं. पण माझ्या आवडण्या-न आवडण्यावर तिनं कधी हात टाकला होता? मी टाकला होता तिच्यावर. माझे बाबा अनवाणी उभे राहायचे ते मला खुपायचं, पण कुणी येऊन त्यांना दंडाला धरून गादीवर बसवलं असतं तर ते मेल्याहून मेले असते. एवढी साधी गोष्ट मला मास्तरीण होऊनही समजली नव्हती. मुक्ता तिच्या परीनं तिच्याजवळचा सगळ्यात भारी मान घेऊन आली होती, आणि मी तिचे खांदे धरून तो खाली पाडला.

शाळा सुटल्यावर सहीचा कागद माझ्या हातात देत सर म्हणाले, “मॅडम, चला.” कुठं, हे मी विचारलं नाही. आबाच्या घरापुढं बोचकी बांधून तयार होती. मुक्ता ताडपत्रीची घडी घालत होती. आम्हाला बघितलं आणि चटकन आत गेली. अंगणातली शेजारची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी सरांसाठी बाज ओढली. आणि सरांनी काय करावं? त्यांनी बाज स्वतः उचलून फिरवली, आणि दाराकडं पाठ करून बसले. सगळ्या गावासमोर. ताठ मानेचे आमचे मोठे सर, तोंड कुडाच्या भिंतीकडं.

“आबा, सूनबाईला सांगा,” ते भिंतीला म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. “म्हणावं, नातं मी विसरलो, तिनं राखलं. चुकी माझी आहे. गोदा परक्याच्या शाळेत राहायची नाही, चुलत आजोबाजवळ राहील. तिच्या ताटाकडं मी स्वतः बघीन.”

एक कोंबडी अंगणभर उगाच फिरत होती. गोदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि तिचे ते मोठे डोळे आधी आत बघायचे, मग सरांच्या पाठीकडं, मग पुन्हा आत. इतकी आशा मी कुणाच्या डोळ्यांत बघितलेली नाही. मला तिच्याकडं बघवेना.

मग आतून हाक आली. “मॅडमला आत येऊ द्या.”

मी आत गेले. अंधाराला डोळे सरावले तेव्हा ती समोर उभी होती. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं. आदल्या दिवशी मी तिला जबरदस्तीनं फिरवलं होतं, पण तिचा चेहरा काही मी बघितला नव्हता. तो आत्ता दिसला. केवढीशी होती हो! माझ्याहून लहान. गोदाचेच डोळे. मी काहीतरी माफीचं बोलायला तोंड उघडलं आणि शब्दांऐवजी रडूच आलं. हुंदके देऊन रडायला लागले, लहान पोरीसारखी.

“आता गं माय!” ती म्हणाली. “मी रडायचं का तुमी?” आणि तिनं पदराच्या टोकानं माझं तोंड पुसलं.

मग माझ्या हातातला कागद घेतला, गुडघ्यावर धरून सावकाश सही केली. एकेक अक्षर जोडून. कागद मला देताना तो तिनं लगेच सोडला नाही. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, “तुमी काई माझ्या सासरच्या न्हाईत, म्हणून तुमाला सांगते. गोदी चुकली तर रागवा. यखादी चापट मारली तरी माझं काई म्हणणं न्हाई. पर तिला धरून फिरवू नका, मॅडम. आदी इचारा, तू अशी कामून बसलीस म्हणून. ती सांगल. तिला बोलता येतंय.”